फळ्यावरची बाई

कॉम्प्युटर चोरांपासून कसे राखायचे, हे सर कॉलेजच्या मुलांना शिकवत होते. मी झाडू घेऊन आत शिरले.

"थांबा मावशी! पोरांनो, यांना कुणी अडवलं का? चोर असाच येतो."

"मावशी हॅकर!" मुलं हसली.

सरांनी फळ्यावर झाडूवाली बाई काढली आणि खाली लिहिलं, 'धोका'. मी मान खाली घातली, पण अंगाचा भडका उडाला. यांचे चालू राहिलेले कॉम्प्युटर रोज मी बंद करते, विसरलेले मोबाइल खणात जपून ठेवते. जिच्या भरवशावर यांची दारं लागतात, तिलाच चोर म्हणायचं? हे कसलं शिकवणं?

वर्ग सुटल्यावर मी फळा पुसला. बाई तेवढी ठेवली. खडू घेऊन तिच्या कमरेला माझ्यासारखा किल्ल्यांचा जुडगा काढला.