मॉडेलमध्ये नसलेली मोरी

सोमवार. दसऱ्याला अठरा दिवस बाकी. हजर: साहेब, महामार्गाचं संगणकावरचं मॉडेल सांभाळणाऱ्या मॅडम, दुरुस्तीच्या टोळीचे, मूळ पेठकडचे मुकादम, न बोलावता आलेल्या झेंडूच्या मळ्यातल्या ताई आणि टिपणं घेणारी मी. गैरहजर: जिच्यासाठी बैठक भरली ती मोरी.

आमचं ऑफिस नाशिक रोडला. तिथल्या मोठ्या पडद्यावर आमच्या हद्दीतला सगळा महामार्ग उभा आहे. जमिनीवर बांधायच्या आधी तो तिथे बांधला गेला, आणि आता देखभालही तिथूनच होते. प्रत्येक पूल, खांब, पाटी, दुभाजकातलं झाड, सगळ्यांना क्रमांक. क्रमांक निवडला की वस्तू कधी बसवली, कधी तपासली, सगळं समोर येतं. दुरुस्तीचा हुकूमही क्रमांकावरच निघतो. मला ही व्यवस्था पहिल्या दिवसापासून आवडली. घरी मी डाळींच्या डब्यांना चिठ्ठ्या लावते. नवरा म्हणतो, एक दिवस मलाही लावशील.

ताईंचा मळा रस्त्याला लागून. सेवारस्त्याखालून पाणी पलीकडे नेणारा पाइप, म्हणजे ती मोरी, गाळाने बुजली होती आणि पावसाचं पाणी झेंडूत साचलं होतं. आणखी आठ दिवस ते तसंच राहिलं, तर मुळं कुजणार आणि दसऱ्याला तोडायला फूल उरणार नव्हतं.

मॅडमनी पडद्यावरचा रस्ता फिरवून त्याची खालची बाजू दाखवली. "इथे मोरीच नाहीये."

"मंग मी काय सपनात पाह्यली?" ताई म्हणाल्या. "तुमच्याच माणसांनी टाकली. मीच त्यांना रोज चहा पाजलाय."

"पण ताई, मॉडेलप्रमाणे इथलं पाणी मळ्याकडे येतच नाही. उतार उलट्या बाजूला आहे."

"मंग पाण्याला सांगा ना एकदा. त्याला कुणी कळवलं नसंल."

मुकादम मान खाली घालून हसले. साहेब हसले नाहीत. "क्रमांक नाही तर हुकूम कशावर काढू?"

"साहेब, दोन माणसं, दोन फावडी, अर्धा दिवस," मुकादम म्हणाले.

"ते ठीक. पण कशावर?"

मग मला काम मिळालं: मोरीची नोंद कुठे हरवली ते शोधा. मी उत्साहाने उठले. शोधून काढणं मला जमतं.

जुन्या फायलीत ती लगेच सापडली. बांधकाम पुरं झालं तेव्हा जागेवरच्या वस्तूंची यादी मीच मॉडेलशी ताडून पाहिली होती. शेवटी कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं: 'मळ्याजवळ जादा पाइप, शेतकऱ्यांनी सांगितल्यावरून.' मॉडेलमध्ये तो नव्हता. म्हणून मी त्या ओळीवर पट्टी धरून रेघ मारली होती आणि बाजूला सही केली होती. यादी आणि मॉडेल तंतोतंत जुळले. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं होतं.

मी फाईल मिटली, परत आले आणि म्हणाले, "नोंद नाही."

नवी वस्तू मॉडेलमध्ये घ्यायला मोजणी, तपासणी आणि तीन सह्या लागतात. मॅडम म्हणाल्या, दीड महिना. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमी तरी काही सांगा." फाईल अजून माझ्या काखेत होती.

"पुढच्या मोरीच्या क्रमांकावर हुकूम काढा," मी म्हणाले. "माणसं इकडे पाठवा."

"ती तर स्वच्छ आहे," मॅडम म्हणाल्या.

"म्हणूनच."

साहेबांनी हुकमाचा कागद पुढे ओढला. मग त्यांनी सही केली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मुकादमांनी गाळ काढला आणि संध्याकाळपर्यंत मळ्यातलं पाणी उतरलं.

मॉडेल मात्र कामाला पक्कं. आधीची नेहमीची सफाई आणि आमचा हुकूम धरून महिन्यात दोनदा साफ करावी लागली म्हणून त्याने त्या स्वच्छ मोरीवर लाल खूण केली. आता टोळी दर पंधरवड्याला तिथे जाते, आत डोकावते आणि परत येते. आमच्या हद्दीत तिच्याइतकी काळजी कुणाचीच घेतली जात नाही.

दसऱ्याला ऑफिसात यंत्रांची पूजा होते. ताई झेंडूची हातभर माळ घेऊन आल्या आणि मोठ्या पडद्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "याला घाला. बिचाऱ्याला दिसत नाय." मॅडमनी हसत हसत माळ घातली. ती नेमकी मळ्याच्या जागेवरून लोंबत होती.

माझ्या वहीतल्या त्या आठवड्याच्या सगळ्या कामांवर बरोबरची खूण आहे. एक सोडून: मळ्याजवळची मोरी मॉडेलमध्ये घेणे. पुढच्या पावसाळ्याआधी व्हायला हवं, कारण गाळ पुन्हा येणार आणि उसना क्रमांक दरवेळी चालणार नाही. मोजणी झाली आहे. अर्जही भरला आहे, सुवाच्य अक्षरात. फक्त 'आधी नोंद का झाली नाही' हा रकाना रिकामा आहे.