वाटणीच्या भिंतीला व्हेंटिलेशन

सिमेंटची रिकामी पोती कुणी मुद्दाम साठवत नाही. साइटवरून एक घरी येतं, मग दुसरं येतं, आणि एक दिवस न्हाणीपाशी एवढा ढीग होतो की माय ओरडते, "ह्यात विंचू होतील!" किस्स्यांचं तसंच आहे. आमचा ढीग एकाच इंग्रजी शब्दावर साठलाय. व्हेंटिलेशन. शब्द ताज्या हवेचा, पण आमच्यात आल्यापासून त्यानं इतकी सोंगं घेतली की बिचाऱ्याला स्वतःलाच ओळख पटणार नाही.

आधी माणसं सांगतो. अप्पा म्हणजे माझे वडील, चिटगुप्प्यातले बांधकामाचे गुत्तेदार. आसपासच्या गावांत जिथं बघाल तिथं त्यांनी बसवलेल्या खिडक्या. इस्माईलभाई त्यांचे मिस्त्री. काका हा अप्पांचा धाकटा भाऊ. तोही मिस्त्री, पण वाटणी झाल्यापासून भिंतीपलीकडं राहतो आणि आमच्याशी बोलत नाही. माय. आणि मी. मला सगळे 'इंजिनीयर' म्हणतात, कारण मी इंजिनीयर झालो नाही.

आणि आमचं स्वयंपाकघर. त्याला एकही खिडकी नाही!

आज्ज्याच्या वेळी वर मातीचं माळवद होतं. त्याला धूर जायला साणं होतं. अप्पांनी हौसेनं स्लॅब टाकला आणि साणं बुजवलं. एका बाजूला माजघर, एका बाजूला देवघर, मागं शेजाऱ्याची भिंत. राहिली वाटणीची भिंत. तिच्यापलीकडं काकाचं मोकळं अंगण, पण वाटणीच्या भिंतीला भोक पाडायचं नाही असा आमच्यातला नेम. पाडलं तर भावाच्या अंगणात डोळा ठेवला असं होतं. घरात गॅस आहे, पण अप्पांना चुलीवरचीच भाकरी लागते. मग माय खोकते. अप्पा म्हणतात, "हवा बदलायलीय, म्हणून खोकला." हवा बदलायला जागा कुठाय, ते सांगत नाहीत.

*

हा शब्द घरात आणला मीच. कलबुर्गीला डिप्लोमाला होतो. सरांनी फळ्याकडं तोंड करून लिहून दिलं, "व्हेंटिलेशन म्हणजे खोलीतील खराब हवा बाहेर काढून ताजी हवा आत घेणे."

परीक्षेत पोरं खिडकीतून चिठ्ठ्या घेतात म्हणून त्या वर्गाच्या सगळ्या खिडक्यांना खिळे ठोकले होते. आम्ही घामानं निथळत ताजी हवा लिहून घेत होतो. मला राहवलं नाही. म्हणालो, "सर, मग आधी हितली काढा की!"

सर वळले. "ताजी हवा पाहिजे तुला? ऊठ. बाहेर हो."

मी ऐटीत बाहेर गेलो. वाटलं, दहा मिनिटांनी बोलावतील. त्यांनी आतून कडी लावली. मलाही राग आला. अजून बाहेरच आहे!

तीन विषयही राहिले होते म्हणा. पण किस्सा सांगताना तेवढं मी गाळतो.

*

अप्पांनी मला साइटवर उभं केलं. "शिकला न्हाईस, निदान सावलीत तरी उभा राहू नको," एवढंच नेमणूकपत्र. पहिल्याच दिवशी मी सगळ्या गड्यांना गोळा करून भाषण ठोकलं. समोरासमोर खिडक्या पाहिजेत, हवा इकडून आली की तिकडून गेली पाहिजे, याला व्हेंटिलेशन म्हणतात. इस्माईलभाई मान डोलवत होते. "हौ साब. एकदम बराबर."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता बघतो तर साइटवर चिटपाखरू नाही. शोधत गेलो. सगळे चिंचेखाली, हातात चहा.

"क्या चल रहा भाई?"

"व्हेंटिलेशन, साब," इस्माईलभाई म्हणाले. "हवा हिकडून आयी, तिकडून गयी."

तेव्हापासून आमच्यात चहाच्या सुट्टीला तेच नाव. त्याच दिवशी अप्पांचा फोन आला. "कुठवर आलंय रं काम?"

मी घाबरून म्हणालो, "समदे व्हेंटिलेशनला लागलेत."

"शाब्बास!" अप्पा म्हणाले.

जन्मात पहिल्यांदा शाब्बास मिळाली होती. मी कशाला दुरुस्त करू!

*

नौबादला एका रिटायर्ड हेडमास्तरांचं घर केलं. गुरुजींनी आयुष्यभर पोरांना 'खिडक्या उघडा, हवेशीर राहा' शिकवलं. घराचं मात्र त्यांना 'एलिव्हेशन', म्हणजे दर्शनी देखावा, पाहिजे होतं. समोरून खालपासून वरपर्यंत निळी काच, न उघडणारी.

मी माझा अर्धामुर्धा डिप्लोमा काढला. "गुरुजी, व्हेंटिलेशन राहणार न्हाई."

"तू कितवीत नापास?" गुरुजींनी विचारलं.

काच लागली. उन्हाळ्यात मी एकदा तिकडून चाललो होतो. गुरुजी आणि त्यांची बायको घराबाहेर, लिंबाखाली बाज टाकून बसलेले. आतून काचेनं तापलेल्या हवेचा भपका मारत होता.

"काय गुरुजी, भाईर?"

गुरुजी वर्तमानपत्रानं वारा घेत म्हणाले, "घर बघायलो. एलिव्हेशन बाहेरूनच दिसतं ना!"

मोठ्या माणसांचं एक बरं असतं. चुकले तरी ते बाजेवर बसून चुकतात. आम्ही चुकलो की उभं राहावं लागतं, आणि तेही उन्हात.

*

मग कोरोना आला. दारावरच्या छोट्या झरोक्याला आम्ही बांधकामवाले व्हेंटिलेटर म्हणतो. तोवर कुणाला काही वाटत नव्हतं. आता त्या शब्दानं लोक दचकायला लागले. गावात कुणी हळूच म्हणायचं, "त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवलंय," आणि ऐकणारा चप्पल घालून घरी जायचा.

त्याच दिवसांत एका म्हाताऱ्या मालकांचं घर चालू होतं. बोलणं कानडी, मधेमधे मराठी. मी प्लॅन उलगडून सांगत होतो, "अण्णा, हा हॉल, हा बेडरूम, अन् हे तीन व्हेंटिलेटर."

म्हातारा ताडकन उठला. "बेडा! बेडा! नको मला! माझ्या घरात तीन? कोण मरायलंय हितं?"

खूप समजावलं. ऐकेनात. बांधलेले तीनही झरोके विटांनी बुजवायला लावले. मी अप्पांना रागानं सांगितलं, "तुमच्या वयाच्या माणसांना शिकवणं माझ्याच्यानं होत न्हाई."

अप्पा स्वतः गेले. चहा घेतला. म्हणाले, "अण्णा, मोठ्या घरांत आजकाल झरोके करायलेत. राजवाड्यासारखं दिसतंय."

"तसं करा की मग!" म्हातारा खूश.

त्याच तीन भोकांतल्या विटा आम्ही पुन्हा काढल्या. घरी येताना अप्पा गाडीवर म्हणाले, "शिकायचंच असतं तर हे शिकायचं असतंस." मला बोलता आलं असतं. स्वतःच्या स्वयंपाकघराला कुठला झरोका केलात, म्हणून. पण गाडी त्यांची होती आणि घर सात किलोमीटर लांब.

*

माझ्या लग्नाचं बघायला लागले. मुलीकडचे घर बघायला आले. अप्पांनी माजघरात नवी सतरंजी टाकली आणि माझी ओळख करून दिली, "पोरगा हवा-उजेडाचं बघतोय." म्हणजे मी भिंतीपाशी उभा असतो हे सांगायची ही तऱ्हा!

मुलीची आत्या बेरकी. "जरा घर बघते," म्हणत ती थेट आत, स्वयंपाकघरात गेली. माय पुरणाला बसली होती. थोड्या वेळानं आत्या पदरानं डोळे पुसत बाहेर आली. आमच्याकडच्यांना वाटलं, मायेनं भरून आलं!

आत्या खोकत खोकत म्हणाली, "पोरगा हवा-उजेडाचं बघतोय म्हणता. घरात कामून बघत न्हाई?"

पाहुणे गेले, सतरंजी गुंडाळली. मग अप्पा म्हणाले, "त्यांना डिग्रीवाला पाहिजे होता." माय आत भांडी घासत होती. तिथून म्हणाली, "डिग्री चुलीत घाला. पोरगी धुरात यायला भ्याली." आणि मग बराच वेळ खोकली.

त्या खोकल्यात मला पहिल्यांदा काहीतरी फाटल्यासारखा आवाज आला. डॉक्टर म्हणाले, छाती भरलीय, धूर बंद करा. अप्पांनी गोळ्या आणल्या. चूल तिथंच, भिंत तिथंच.

*

मी बैठक बोलावली. गावातली दोन वडीलधारी माणसं, इकडून अप्पा, तिकडून काका. मला वाटलं, खिडकीचं एवढंसं काम, समोरासमोर बसले की होईल. सुरुवातीला मीच बोललो, "मनात कोंडलेलं मोकळं करा. मनालापण व्हेंटिलेशन लागतं."

ते मोकळं करायला लागले. अप्पांनी काकाच्या लग्नातला मांडव काढला. काकानं आज्जीच्या आजारपणात कोण कुठं होतं ते काढलं. एक म्हैस निघाली, ती मी जन्मायच्या आधी मेलेली. वडीलधाऱ्यांपैकी एकाला तिचं नावही आठवत होतं! दुसऱ्यांनी तंबाखू मळत दोघांना शांत करायचं सोडून "मग? मग?" केलं.

शेवटी काका उठला. "उद्यापासून त्या भिंतीवर दोन थर चढवतो. धूरसुद्धा न्हाई यायचा हिकडं!"

आणि चढवले. मी खिडकी मागायला गेलो आणि भिंत वाढवून आलो. इस्माईलभाई हसू दाबत म्हणाले, "साब, अब तुम किसीका मन मत खोलो. नक्को."

*

यानंतर अप्पा निंबर्ग्याला एका स्लॅबसाठी गेले. दुपारी माय भाकऱ्या थापता थापता खोकली आणि तिला श्वासच घेता येईना. परातीला धरून बसून राहिली. मी तिला उचलून दारात आणली, पाणी पाजलं. श्वास लागल्यावर ती म्हणाली, "तव्यावरची करपायलीय, बघ."

मी तवा उतरवला, पहार घेतली आणि आत गेलो.

ओळंबा नाही, माप नाही. डिप्लोमाचा सगळा अपमान करत मी वाटणीच्या भिंतीवर पहार घातली. चौथ्या-पाचव्या घावाला वीट पलीकडं पडली. काहीतरी पितळी खाली आपटलं. आमच्या स्वयंपाकघरातला धूर त्या भोकातून शिस्तीत, रांगेनं काकाच्या अंगणात निघाला.

भोकात काकाचं तोंड आलं. डोळे लाल. मी पहार घट्ट धरली.

"कुणी पाडलं?"

"मी."

काकानं भोक इकडून बघितलं, तिकडून बघितलं. "वाकडं हाय," म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी अप्पा आले. चप्पलसुद्धा न काढता आत आले. मी मार खायची तयारी करून उभा. त्यांनी भोक बघितलं. आधी माझ्या सात पिढ्या काढल्या, त्यात त्यांची स्वतःचीही आली. मग खाली वाकले, एक डोळा मिटला.

"वाकडं हाय," म्हणाले.

"मी तेच म्हणालो," भिंतीपलीकडून आवाज आला.

अप्पा दचकले. पलीकडं काका हातात थापी घेऊन उभा होता. दोघं भाऊ तरणे असताना एकाच भिंतीवर काम करायचे, एक आतून, एक बाहेरून, असं माय सांगायची. मला ती थाप वाटायची.

"त्याला सांग," काका मला म्हणाला, "खालचा थर काढावा लागतोय."

मी अप्पांना सांगितलं. दोघांच्यात एक हाताचं अंतर, मधे भोक, आणि निरोप्या मी!

"त्याला सांग, मला कळतंय. दोरी धर म्हणावं."

"काका, दोरी धरा."

"धरली. त्याला सांग, अर्धं बोट खाली."

"अप्पा, अर्धं बोट..."

"ऐकू यायलंय मला! बाजूला हो मधून!"

अंधार पडेपर्यंत भोक चौकोनी झालं. चौकटीचं मी सुताराकडं बघतो म्हणालो, तर काकानं घरातून एक जुनी, रंग उडालेली खिडकी उचलून आणली. बसवताना मात्र अडलं. तिची झडप त्याच्या अंगणात उघडत होती. कडी त्याच्या बाजूला.

"कडी माझ्याकडंच राहील," काका म्हणाला. "अंगण माझं हाय."

मी भडकलो. "म्हणजे तुमच्या मर्जीनं आम्ही श्वास घ्यायचा?"

अप्पांनी मला कोपरानं मागं सारलं. सिमेंटचा शेवटचा हात फिरवला. "राहू दे," म्हणाले. कुणाला म्हणाले, ते कळलं नाही. काकानं झडप ओढून घेतली. पलीकडून कडी लागली.

रात्रभर मी धुमसत होतो. सकाळी माय चुलीपुढं बसली. लाकडं रचली, काडेपेटी हातात घेतली आणि त्या बंद झडपेकडं बघत थांबली. अप्पा माजघरात तोंडावर पांघरूण घेऊन पडले होते, पण घोरत नव्हते.

पलीकडं अंगणात चपला वाजल्या. कडी निघाली. झडप उघडली आणि उजेडाचा एक चौकोन मायच्या मांडीवर पडला.

"वयनी," काका म्हणाला, "पेटवा."