छातीचा पट्टा आणि पालखीचा खांदा

गेल्या शिमग्याआधी आमच्या वाडीने मला हृदयरोगी ठरवलं. डॉक्टरने नाही, वाडीने.

पुरावा त्यांच्या डोळ्यांसमोर होता. छातीला काळा पट्टा बांधून, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत मी रोज सकाळी पाखाडी चढायचो आणि दर वीस-पंचवीस पायऱ्यांनी थांबायचो. पाखाडी म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांची वाट; आमची वाडीतून थेट सड्यावरच्या, म्हणजे डोंगरावरच्या कातळी सपाटीवरच्या, देवळाला जाते. तिथून बायका डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन न थांबता ये-जा करतात. तिथे त्रेचाळीस वर्षांचा गडी थांबतो, तर त्याच्या आत काहीतरी बिनसलेलं असणार. त्यात माझे वडील एकोणपन्नासाव्या वर्षी मुंबईत, कामावर असताना, छातीत कळ येऊन गेलेले. झालं!

खरी गोष्ट अशी. मी लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत आहे. घरातला पहिला पदवीधर, बी.एस्सी. रसायनशास्त्र. हे मी चारचौघांत सांगतो आणि सांगताना आवाज खाली करत नाही. पण पदवीने खुर्ची दिली आणि कंपनीच्या बसने चालणं बंद केलं. एकदा नमुना आणायला टाकीची शिडी चढलो, तर वर पोचल्यावर तिथल्या कामगाराने मलाच बसवून पाणी पाजलं. वार्षिक तपासणीत डॉक्टर म्हणाले, ‘‘हृदय चांगलं आहे. तुम्हीच त्याला काम देत नाही.’’

मोजल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, हा माझा पेशा. म्हणून ठोके मोजणारा पट्टा मागवला. पहिल्या दिवशी जोशात पाखाडी धावत सुटलो. अर्ध्यात घड्याळ एकशे बहात्तर दाखवत होतं आणि मी करवंदीच्या जाळीला धरून ओकत होतो. मग वाचलं, विचारलं. कळलं ते एवढंच की बोलता येईल इतक्याच गतीने चढायचं, महिनोन्‌महिने. माझ्यासाठी ती रेघ एकशे तीसची निघाली. त्यावर गेलं की घड्याळ ओरडणार, मी थांबणार, ठोके उतरले की पुढे. पहिल्या आठवड्यात मी अकरा वेळा थांबलो. बाजूने एक शेजारीण मोळी घेऊन गेली आणि मागे वळून म्हणाली, ‘‘सावकाश हो, भावोजी.’’ लाज वाटली. तरी थांबलो.

बसमधला एकजण म्हणाला, ‘‘पूर्वीची माणसं कुठे पट्टे बांधायची? चालायचीच की.’’

मी म्हटलं, ‘‘नव्हती बांधत. माझ्या बापानेही नव्हता बांधला.’’

तो खिडकीबाहेर बघायला लागला.

वाडीला मी दहा वेळा सांगितलं की हा व्यायाम आहे. सगळे समजूतदारपणे मान हलवायचे. आजारी माणूस असंच सांगतो ना! कोणी अर्जुनाची साल आणून दिली, कोणी कोकम. आई एक दिवस भात वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, ‘‘माझ्यापासून नको लपवूस रे.’’ तिला डॉक्टरांचा कागद वाचून दाखवला. तिने तो घडी घालून देवाजवळ ठेवला; खरा मानला की नाही, देव जाणे.

तोवर माझं थांबणं जवळजवळ बंद झालं होतं, पण ते कोणी मोजत नव्हतं. इथवर मी हसून घेत होतो. शिमग्याच्या बैठकीत हसू संपलं. पाखाडीच्या चढावर पालखीचा पुढचा खांदा आमच्या घराचा. वडील गेल्यापासून तो माझा. वाडीचे मानपान ठरवणाऱ्या गावकरकाकांनी सगळ्यांदेखत सांगितलं, ‘‘यंदा तो खांदा तुझ्या चुलतभावाला दिलाव. तू नारळ ठेव देवापुढे. राग नको धरूस. तुझ्या बापाचा काय झाला ता आमी इसरलो नाय.’’

मागून कोणीतरी बोललं, ‘‘बुकं वाचून खांदा होत नाय हो!’’ हशा झाला.

मी उभा राहिलो. ‘‘काका, मी जिवंत आहे. माझा खांदा काढायचा तर मी पडल्यावर काढा. उद्या सकाळी पाखाडीला या, आणि ह्या माझ्या भावालाही आणा.’’

चुलतभाऊ मुंबईहून आदल्याच दिवशी आलेला. ‘‘दादा, मी कुठे मागितला खांदा?’’ म्हणत तो बिचारा सकाळी आला. काका सत्तरीचे; रोज गुरं घेऊन सड्यावर जाणारे. मी पहिल्या पायरीपासून भांडायला सुरुवात केली. मला न विचारता ठरवलंत कसं, इथून सुरुवात करून बापाच्या मरणापर्यंत गेलो. तपासणी झाली असती तर तो वाचला असता कदाचित, आणि मी तपासून घेतोय तर तुम्ही मलाच मेलेला धरताय? काकाही वाकडं उत्तर देत होते. अर्ध्यावर चुलतभाऊ धापा टाकायला लागला, मग हात हलवून खाली बसला. आम्ही दोघे भांडत वर पोचलो.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘वाटभर बडबडलास. दम नाय लागला?’’

‘‘नाही.’’

‘‘घे मग खांदा. पण ता मशीन काढ. देवाच्या दांड्याखाली मशीन नको.’’

‘‘पट्टा राहील, काका. देवाला माझ्या ठोक्यांची अडचण नाही. असली तर तोच सांगेल.’’

काका थुंकले, हसले नाहीत, आणि गुरांकडे निघून गेले. नाही म्हणाले नाहीत.

शिमग्याला भर उन्हात पालखी उठली. दांडा खांद्यावर आला तेव्हा कळलं, मोजलेलं सगळं रिकाम्या खांद्याचं होतं. हे ओझं वेगळं. अर्ध्यावर ढोलवाल्यांनी लय वाढवली, पालखी नाचायला लागली, ठोके रेघ ओलांडून गेले आणि ते मला घड्याळाने सांगायची गरज नव्हती. चुलतभाऊ दांड्याखाली शिरला. ‘‘दादा, सोड आता.’’

‘‘मागे हो.’’

सड्यावर पोचेपर्यंत मी खांदा बदलला नाही. आई देवळाच्या पायरीवर दोन्ही हातांनी पदर आवळून उभी होती. पालखी टेकली तेव्हा मी हाफत होतो, भरपूर हाफत होतो. लपवलं नाही. आठ दिवस खांद्यावर दांड्याचा काळानिळा वळ होता. कामावर ज्याने विचारलं त्याला तो मी कॉलर सरकवून दाखवला, आणि ज्याने विचारलं नाही त्यालाही.