मॅट मेंबरांची होती

"उठ ना वं चॅम्पियन," सर म्हणाले आणि अख्खा हॉल हसला.

मी एका गुडघ्यावर होते. हात खाली सोडलेले, नाकातून रक्त. सरांच्या पुतणीने पाय धरून मला आपटलं होतं आणि मी पंच आकडे मोजेल म्हणून थांबले होते. बॉक्सिंगमध्ये पडलेल्याला कोणी मारत नाही. शाळेपासून अंगात मुरलेली सवय. एमएमएमध्ये, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं त्या खेळात, पडलेल्यालाच मारतात. पुतणीने मला परत आडवं केलं, छातीवर बसली आणि मारत राहिली.

सर प्रात्यक्षिक बघायला जमलेल्या आईबापांना सांगत होते, "पाहा, बॉक्सर असेच राह्यते. मॅटवर आले का संपले."

बोरगाव मेघेच्या त्या जिममध्ये मी पोरांना ठोसे शिकवायचे. जिल्ह्याची पदकं होती माझ्याकडे, म्हणूनच ठेवलं होतं. झाडूपोछाही माझ्याचकडे. मला एमएमए खेळायचं होतं. हात होते, जमिनीवरची कुस्ती येत नव्हती. शिकवा म्हणून सरांच्या किती मागे लागले. शेवटी ते वैतागले. "ते मॅट मेंबरायची हाय वं. तुह्या घामाचा वास बसते तिले."

त्याच मॅटला मी रोज सकाळी फिनाइल मारायचे. माझे हात चालायचे, अंग चालत नव्हतं. शिकू द्यायचं नाही आणि मग चारचौघांत आपटून दाखवायचं, बघा, हिला येत नाही. उभ्याने पुतणी माझ्यासमोर टिकली नव्हती. माझ्या डाव्या हाताने तिचा ओठ फुटला होता. ते कोणी बोललं नाही.

पुतणी उठली. सर मोबाईल घेऊन माझ्यापाशी आले. मला वाटलं, रक्त पुसायला काही देतील.

"आणखी एक डाव पड," ते म्हणाले. "आमच्या पोरीचा चेहराच नाई आला व्हिडिओत."

माझं नाक गळत होतं आणि हा माणूस चेहरा बरोबर येतो का ते बघत होता. त्या क्षणी माझी भीती मेली. लाजही.

"नाई पडत."

"नोकरी कराची हाय ना?"

"नाई."

ग्लोव्हज काढून तिथेच टाकले. दरवाजापर्यंत मॅटवर रक्ताचे थेंब पडत गेले. मी वळून पुसले नाहीत.

घरी आईने तोंड बघितलं. "काऊन गेलतीस वं तिथं मराले?" म्हणाली आणि पाठ करून बसली. जवळ घेतलं नाही. व्हिडिओ त्यांनी टाकलाच. नात्यातली पोरं मला बोलावून बोलावून दाखवायची.

आता रविवारी हिंगणीला जाते, मामाकडे. मामा जुना पैलवान. लाड करत नाही. पाय ओढतो, मातीत तोंड दाबतो, वर बसून म्हणतो, "निंग आता खालून." निघेपर्यंत सोडत नाही. मी शिव्या देते, रडते, निघते. बॉक्सरला एमएमए जमतं का, असं कोणी विचारलं तर मी त्याला विचारते, त्या बॉक्सरला मॅटवर पाय ठेवू दिला होता का?

नागपूरच्या एमएमए निवड चाचणीत मी नाव दिलंय. पुतणीही असणार. मला तिची माफी नको, सरांची तर नकोच. नाक पुन्हा फुटलं तरी खेळणार. पडले तर तिला घेऊनच पडेन, आणि पंच ओढून बाजूला करेपर्यंत माझा हात थांबणार नाही.