ओठांतली प्रार्थना

एस्तेर साळवे जात्याच भित्री. पाल दिसली तरी खाटेवर चढणारी बाई! मिशनच्या दवाखान्यात सव्वीस वर्षं आयाचं काम करून रिटायर झाली, पण घरी बसवेना. मग ओतूरच्या आसपास अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या जखमा धुवायला जाऊ लागली, तीही फुकट. चिघळलेल्या जखमेत नवं तांबूस मांस धरलेलं दिसलं की तिला इतका आनंद व्हायचा, की तेवढ्यापुरती ती भ्यायचं विसरायची. जखम धुताना ती ओठांतल्या ओठांत प्रार्थना करायची.

हीच पुटपुट अंगाशी आली. वाडीवरच्या झुंबरबाईंना पडून पडून कमरेला जखम झालेली. त्यांच्या मुलानं, कुंडलिकनं, तिला भर स्टँडवर गाठलं.

"मावशी, मलमपट्टी करा, लई उपकार हायेत. पण घरात तुमच्या देवाचं नाव निघालं, तर परत उंबरा चढायचा न्हाई. बाटवायला येती, म्हणत्यात लोकं."

चार माणसं वळून बघू लागली. एस्तेरनं घाईघाईनं मान डोलावली.

मंगळवारी झुंबरबाईंनी विचारलं, "व्हट हलवून काय म्हणती गं?"

"काही नाही, पट्टीचे वेढे मोजते," एस्तेर खोटं बोलली आणि घरी येऊन ढसाढसा रडली. येशूला ओळखत नाही म्हणणाऱ्या पेत्राला निदान कोंबड्याच्या आरवण्यानं तरी जागं केलं. हिचं खोटं हिलाच कळलं.

शुक्रवारी गेली, तर दारात कुंडलिकची मोटारसायकल. आता खोटं बोलायचं नाही, एवढं ठरलं होतं. पण हाकलून दिलं, तर ही जखम कोण धुणार? आणि आपल्याला तरी दुसरं काय सुख आहे?

तिनं पट्टी सोडली. झुंबरबाईंनी कण्हतच तिचं मनगट धरलं. "खरं सांग. काय म्हणती?"

मागं चप्पल वाजली. कुंडलिक दाराच्या चौकटीत उभा होता. एस्तेरला पळून जावंसं वाटलं, पण उघडी जखम टाकून जायची कशी? मान खाली घालून, कापऱ्या आवाजात ती कसंबसं म्हणाली, "प्रभू येशू, या माउलीचं दुखणं हलकं कर. हिला झोप लागू दे."

कुंडलिक आत आला. एस्तेरनं डोळे मिटून घेतले. तो आईच्या पायाशी बसला.

"जरा मोठ्यानं म्हणा, मावशी," तो म्हणाला. "आईला ऐकू गेलं न्हाई."