आत्याची ऑनलाइन भवानी
कापराचा वास आला की मला फुलपाड्याच्या आत्याची बाजाची पेटी आठवते, कारण कसर लागू नये म्हणून ती पेटीच्या खोक्यात कापराच्या वड्या ठेवायची. गाण्याच्या शिकवण्या बंद केल्यावर तिने पेटी विकायला काढली आणि फोटो ऑनलाइन टाकताच एकाचा फोन आला. न बघता, घासाघीस न करता गडी सांगू ती किंमत द्यायला तयार! "आंटी, कोड पाठवलाय. स्कॅन करून तुमचा पिन टाका, पैसे लगेच जमा होतील." आतोबांचं बोट पुढे सरसावलं, त्याच खात्यात आत्याच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचे पैसे होते. आत्याने त्यांच्या हातावर फटका मारला आणि मधाळ आवाजात म्हणाली, "बाळा, ही माझी पहिलीच विक्री. भवानीचे पैसे हातात घेऊन डोळ्यांना लावल्याशिवाय मी माल देत नाही. आणि पैसे घ्यायला माझा बटवा मी कशाला उघडू रे?" पलीकडून फोन कट! रविवारी आचोळ्याचे एक भजनीबुवा आले, त्यांनी पेटी वाजवून पाहिली आणि पैसे आत्याच्या हातावर ठेवले. तिने ते थाटात डोळ्यांना लावले. पुढे ऑपरेशन झकास झालं, आणि आज माझ्या मोबाइलवर कसलाही कोड आला की त्या डोळ्यांना दाखवल्याशिवाय माझं बोट हलत नाही.