आंतोन अंकलचं रेकॉर्डिंग

स्टुडिओ चालवणाऱ्याकडे गाण्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. गाणी लोक पेन ड्राइव्हवर घेऊन जातात, किस्से इथेच टाकून जातात! माझा स्टुडिओ म्हणजे नालासोपाऱ्यात तळमजल्यावरची एक खोली. भिंतींना गाद्या, एक जुना कॉम्प्युटर, एक बरा हेडफोन. येणारे खूप, पण मित्र जमले की आंतोन अंकलचेच किस्से सांगायला लावतात आणि हसतात. आधी मीही हसायचो.

अंकल वसईचे. सत्तरीला टेकलेले. ते आणि त्यांचा धाकटा भाऊ पास्कू, दोघांनी चाळीस वर्षं लग्नांच्या स्टेजवर इलेक्ट्रिक गिटार वाजवली. मग पास्कू वारला. दोघांनी मिळून बसवलेल्या सहा धून रेकॉर्ड करायच्या म्हणून अंकल माझ्याकडे आले.

*

पहिल्याच दिवशी गिटारचा आवाज मोठा करणारा डबा शोधत चारी बाजूंना बघून म्हणाले, "अॅम्प कुठाय?"

"अॅम्प नाही अंकल. गिटारची वायर थेट कॉम्प्युटरला. अॅम्पसारखा आवाज तो आत बनवतो, आणि तुम्हाला हेडफोनमध्ये देतो."

वाजवायला लागले. पण आवाज आत जाऊन परत यायला किंचित उशीर व्हायचा. अंकल बिचारे त्या आवाजासाठी थांबायचे. ते थांबले की आवाज आणखी मागे! नवरानवरीच्या डान्सची चांगली फास्ट धून, हळू हळू होत पार झोपली.

अंकलनी हेडफोन काढला. "अरे, लग्नाला निघालेलो, मयताला पोचलो!"

*

मग मी एक बटण फिरवलं. आता गिटारचा आवाज कॉम्प्युटरला वळसा घालून सरळ कानात. उशीर गेला, पण अॅम्पचा भरदारपणाही गेला. नुसती कोरडी तार.

अंकल थबकले. "हा मी?"

"हो. गिटारचा खरा आवाज असाच असतो."

बराच वेळ एकच तार छेडत बसले. मग म्हणाले, "म्हणजे चाळीस वर्षं लोक टाळ्या अॅम्पला देत होते."

*

एकदा माझ्या चुकीने दोन्ही आवाज चालू राहिले. एक सरळ येणारा, दुसरा कॉम्प्युटरमधून मागाहून. प्रत्येक सूर दोनदा. मी घाईने बंद करायला गेलो, तर अंकलनी माझा हात धरला.

"पास्कू असाच वाजवायचा. कायम माझ्या मागे, एवढासा. स्टेजवर किती शिव्या घातल्यात त्याला त्यावरून."

"बंद करू ना?"

"राहू दे रे."

त्या एका दिवसात तीन धून झाल्या!

*

अंकलची गिटार कॉम्प्युटरसमोर धरली की घूं घूं करायची, भिंतीकडे वळवली की गप्प. म्हणून मी त्यांना कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून बसवलं. दुपारी त्यांची बायको, मेरी आंटी, डबा घेऊन आली. दारातूनच म्हणाली, "काय केलं याने? कोपऱ्यात बसवलंस!"

मी कारण सांगितलं.

"छत्तीस वर्षं झाली लग्नाला. मला नाही जमलं कधी!"

*

पुढच्या आठवड्यात दुसरा एक गिटारवाला आला. हेडफोन घातला आणि म्हणाला, "भाऊ, लेफ्ट साइड डेड आहे तुझी."

बघतो तर वायर तुटलेली. अंकल दोन दिवस तोच हेडफोन घालून वाजवत होते!

अंकल आले तसं विचारलं, "अंकल, डावीकडून आवाजच नव्हता. बोलला नाहीत?"

"वायर बदल."

बदलली. दुसऱ्या दिवशी हेडफोन घालून बसले. जरा वेळाने विचारलं, "बदललीस?"

"हो."

"बरं."

मग गिटार लावता लावता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "उजवा कानही चाललाय. डॉक्टर म्हणतो, काय ते उरकून घे."

मी त्यांच्या हेडफोनचा आवाज थोडा वाढवला. बोललो असतो तरी मोठ्याने बोलावं लागलं असतं.

*

सहाव्या धूनला आंटी सोबत आली होती. अंकल म्हणाले, "आज हेडफोन हिला दे."

"मग तुम्हाला कसं ऐकू येणार?"

"मला पाठ आहे. मी स्टेजवर असताना ही कायम मागे, लग्नाच्या किचनमध्ये. हिने धड ऐकलंय कुठे?"

अंकल ऐकायचे तेवढा मोठा आवाज आंटीच्या कानाला सोसला नसता, म्हणून मी हेडफोनच्या आवाजाचं बटण पार शून्यावर आणलं. हळूहळू वाढवू म्हटलं. तेवढ्यात अंकलनी "वन, टू" केलं आणि मी रेकॉर्ड दाबायला धावलो.

तारांची थरथर हाडातून कळावी म्हणून अंकलनी हनुवटी गिटारच्या लाकडावर टेकवली आणि वाजवायला लागले. खोलीत नुसती तारांची बारीक किरकिर. आंटी त्यांच्या बोटांकडे बघत मान डोलवत होती. स्क्रीनवर रेघा उमटत होत्या, ताल कुठे म्हणून हलला नाही.

धून निम्मी झाल्यावर माझं बटणाकडे लक्ष गेलं. शून्यावरच! मी हात पुढे केला. आंटीने माझ्या हातावर आपला हात ठेवला आणि संपेपर्यंत उचलला नाही.

अंकलनी शेवटची तार दाबून धरली, मग सोडली. वर बघितलं.

"कसा होता आवाज?"

आंटीने हेडफोन काढला, केस सारखे केले, आणि त्यांच्या उजव्या कानाशी वाकून म्हणाली, "जरा मोठाच होता."